नसलेल्या रकान्यातली सही

गर्भपात हा शब्द आमच्या मोहल्ल्यात मोठ्याने उच्चारला जात नाही. बायका ‘सफाई केली’ म्हणतात. दवाखान्यात ‘एमटीपी’ म्हणतात. मिंबरवरून ‘हराम’ म्हणतात. आणि पुरुष काहीच म्हणत नाहीत. एकाच गोष्टीला इतके शब्द, पण जिच्या शरीरात ती गोष्ट घडते तिला स्वतःचा शब्द काढायची परवानगी यापैकी कुठेच नाही. हा लेख त्या परवानगीविषयी आहे.

आम्ही म्हणजे कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या दोघी शिक्षिका. लिहिणारा हात एकीचा असला, तरी पाहिलेले दोघींचे आहे. आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही, आलिमाही नाही. बी.एड. केलेल्या, मुलींना उर्दू आणि विज्ञान शिकवणाऱ्या साध्या बायका आहोत. आमच्या हाताखालून गेलेल्या मुली लग्नानंतर संकटात सापडल्या की आईच्या आधी आमच्याकडे येतात. हा मान आहे की सजा, हे अजून ठरलेले नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात अशीच एक आली. दहावी आमच्याकडेच झाली होती. मोठा मुलगा तीन वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. दोन्ही बाळंतपणे सिझरची. नवरा दम्मामला. तो दोन महिन्यांच्या रजेवर आला आणि परत गेला. तो गेल्यावर हिला कळले की दिवस राहिले आहेत. सातवा आठवडा होता.

“टीचर, छोटी का दूध सूख जाएगा,” एवढेच ती म्हणाली. आपल्या प्रकृतीचे नाही, पोटावरच्या टाक्यांचे नाही, पैशांचेही नाही. पहिली काळजी धाकटीच्या दुधाची.

आम्ही तिला घेऊन तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरने पहिला प्रश्न विचारला, “नवरा कुठे आहे?” दम्माममध्ये, असे सांगताच सिस्टरने मान वर केली. “मग हे कसं?” रजेवर आले होते, असे सांगितल्यावर तिने रजेच्या तारखा विचारल्या आणि आमच्या देखत बोटांवर आठवडे मोजले. हिशेब जुळला तेव्हा तिचा चेहरा थोडा निवळला. त्या चार-पाच क्षणांत आमच्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्याचे काय झाले, ते आम्ही लिहू शकत नाही.

मग डॉक्टरांनी सांगितले, “नवऱ्याची सही लागेल. तो नसेल तर सासऱ्याची.” नवऱ्याला फोन झाला. तो भला माणूस, त्याने कागदावर सही करून त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला. “चालणार नाही, ओरिजिनल पाहिजे.” सासऱ्यांना सांगायला ती तयार नव्हती, कारण सासरे आधी मौलानांना विचारतील हे तिला ठाऊक होते. या ये-जा करण्यात सोळा दिवस गेले. मग तिने आम्हालाही न सांगता कुणाकडून तरी गोळ्या आणवल्या आणि घरी घेतल्या. तिसऱ्या रात्री रिक्षातून आणि पुढे जीपमधून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. दोन बाटल्या रक्त चढले. ती वाचली. धाकटीचे दूध मात्र तुटले. ज्या गोष्टीसाठी सारे केले, तीच गेली.

आता आमचा सवाल. ती सही मागण्याचा अधिकार त्या दवाखान्याला कुणी दिला?

कायद्याने दिलेला नाही. १९६४ साली महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात संमती कुणाची लागते ते स्वच्छ लिहिले आहे: सज्ञान बाईची स्वतःची. पालकाची संमती लागते ती फक्त मुलगी अल्पवयीन असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल तरच. नियमांत संमतीचा एक नमुना आहे, त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. त्यात ‘अमुकची मुलगी किंवा पत्नी’ असे लिहायला जागा आहे, म्हणजे पुरुषाचे नाव येते. पण सही तिची. नवऱ्याच्या सहीचा रकाना त्या कागदावर नाही. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे एका नसलेल्या रकान्यात सही मागितली जात आहे आणि ती नाही म्हणून बायका दारातून परत पाठवल्या जात आहेत.

२०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरले. गर्भनिरोधक फसले या कारणाखाली पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आले. बाईचे नाव उघड करणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रीलाही आहे असे सांगितले आणि डॉक्टरांनी नको त्या अटी घालू नयेत असेही बजावले. कायदा पुढे गेला, पण दवाखान्याच्या टेबलावरची सिस्टर आणि तिच्या हातातले पॅड तिथेच राहिले.

डॉक्टर म्हणतात, उद्या नवऱ्याने येऊन गोंधळ घातला तर? भीती अगदीच हवेतली नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या प्रकरणात, नवऱ्याला न सांगता केलेल्या गर्भपातांचा समावेश मानसिक क्रूरतेत केला. पण हेही सांगायला हवे की संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून पत्नीकडून आणि डॉक्टरांकडून नुकसानभरपाई मागणाऱ्या एका नवऱ्याचा दावा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. म्हणजे डॉक्टरला कायद्याचे कवच आहे. तरी ज्याला आणखी कवच हवे, तो ते बाईच्या अंगावरून ओढून घेतो, हा आमचा आरोप आहे.

आणि हा प्रश्न फक्त मुसलमान बाईचा आहे अशी कुणी समजूत करून घेऊ नये. त्याच दवाखान्याच्या बाकावर एका वाडीतली कुणबी बाई बसलेली होती. तिचा नवरा मुंबईत, गणपतीला येणारा. तिलाही तेच उत्तर मिळाले होते. आमचा नवरा दम्मामला, तिचा मुंबईला. कोकणच्या अर्ध्या घरांतले पुरुष परगावी कमावतात, हे ज्या दवाखान्याला माहीत आहे तोच दवाखाना त्यांच्या सह्या मागतो. तेव्हा ‘यांच्या समाजात बायकांना किंमतच नाही’ असे म्हणत आमच्याकडे बोट दाखवणाऱ्या सुधारक मित्रांनी आधी त्या बाकावर येऊन बसावे.

वहीतली नर्स आणि वॉर्डातली नर्स

आमची दुसरी एक विद्यार्थिनी बी.एस्सी. नर्सिंग करते. हा सारा प्रकार तिला सांगितला तेव्हा ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी आपली वही घेऊन आली. सुंदर अक्षरातली, लाल पेनाने मथळे आखलेली वही. त्यात व्हर्जिनिया हेंडरसनने सांगितलेल्या रुग्णाच्या चौदा गरजा होत्या. डोरोथिया ओरेमचे स्वसंगोपनाचे तत्त्व होते: माणूस स्वतःची काळजी स्वतः घेणारा असतो, जिथे तो कमी पडेल तिथेच नर्सने हात द्यावा, त्याच्या जागी निर्णय घेऊ नये. जीन वॉटसनचे १९७९ सालचे काळजीचे तत्त्वज्ञान होते, की नर्स आणि रुग्ण ही दोन माणसे समोरासमोर येतात त्या क्षणाला उपचाराचे मोल असते. मॅडेलिन लायनिंगरचे म्हणणे होते, की रुग्णाची संस्कृती समजून घेतल्याशिवाय शुश्रूषा होत नाही. आणि बोशँप व चिल्ड्रेस यांची चार तत्त्वे होती: स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय.

आम्ही वही मिटली आणि तिला विचारले, “यातलं त्या दिवशी काय झालं?” ती म्हणाली, “टीचर, ये पेपर में आता है. वार्ड में नहीं आता.”

तिचे उत्तर प्रामाणिक होते, म्हणून ते आम्हाला जास्त लागले. ओरेमच्या पुस्तकाचे आणि आपल्या कायद्याचे साल एकच आहे, १९७१. दोघांचे सांगणेही एकच: निर्णय तिचा, हात तुमचा. परीक्षेत एकाचे उत्तर लिहिले जाते, दुसऱ्याचे कलम पाठ होते आणि वॉर्डात बोटांवर आठवडे मोजले जातात. लायनिंगरने संस्कृती समजून घ्यायला सांगितले ते रुग्णाला कमी दुखावे म्हणून. आमच्याकडे संस्कृती समजते ती एवढ्यापुरती, की बुरखेवाली दिसली की पोरे खूप असणार, नवरा बाहेर असला की काहीतरी भानगड असणार. याला सांस्कृतिक शुश्रूषा म्हणत नाहीत. ही पंचायत झाली.

एका वॉर्डात चाळीस खाटा आणि दोन सिस्टर, रजिस्टरे भरता भरता पाळी संपते, हे आम्हाला दिसत नाही असे नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग आम्हीही सांभाळतो. पण “मग हे कसं?” हा प्रश्न विचारायला वेळ लागला नाही. “तुला काय हवं आहे?” हा विचारायला तेवढाच वेळ लागला असता.

इथे आम्हाला आमचे बी.एड. आठवते. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात लॉरेन्स कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या आम्ही घोकल्या. आजारी बायकोसाठी औषध चोरावे की नाही, या त्याच्या कोड्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले. कोहलबर्गने मूळ अभ्यास केला तो फक्त मुलग्यांवर, हे आमच्या मार्गदर्शिकेत नव्हते. ते दाखवून दिले कॅरोल गिलिगनने, आपल्या १९८२ च्या पुस्तकात. आणि तिने काय केले? औषध चोरण्याचे कल्पित कोडे बाजूला ठेवले आणि गर्भपात करावा की नाही या खऱ्या पेचात असलेल्या एकोणतीस बायकांशी बोलली. पंधरा ते तेहतीस वर्षांच्या बायका. तिला आढळले की या बायका हक्काच्या आणि नियमाच्या भाषेत कमी बोलतात. त्या बोलतात ते कुणाला किती दुखेल, कुणाची जबाबदारी कुणावर, मी कुणाला टाकून देते आहे काय, या भाषेत. कोहलबर्गच्या शिडीवर या बायका खालच्या पायरीवर दिसतात. गिलिगन म्हणाली, बायका खाली नाहीत, शिडी एकांगी आहे.

त्याच १९७१ साली ज्युडिथ जार्विस थॉमसन या तत्त्वज्ञ बाईंनी गर्भपाताच्या बाजूने एक गाजलेला निबंध लिहिला. झोपेतून जागे झालात आणि पाहिले की एक प्रसिद्ध व्हायोलिनवादक तुमच्या शरीराला नळ्यांनी जोडलेला आहे, नऊ महिने तसेच राहण्याची सक्ती तुमच्यावर करता येईल काय, असा तिचा प्रश्न. युक्तिवाद बिनतोड आहे आणि हक्काची बाजू आम्हाला मान्यच आहे. पण आमची विद्यार्थिनी त्या भाषेत बोलत नव्हती. तिला पोटातला जीव परका वाटत नव्हता. ती त्याच्यासाठी रडलीही. तिच्यापुढे दोन लेकरे होती, एक मांडीवर आणि एक पोटात, आणि दूध एकीपुरते होते. हा हक्काचा दावा नव्हता, वाटणीचा पेच होता. तो पेच सोडवण्याची नैतिक ताकद तिच्यात होती. त्या दवाखान्यात ती कुणी जमेला धरली नाही, एवढेच.

एका शब्दाचा फतवा

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. सासरे मौलानांना विचारतील ही भीती तिला का वाटली? कारण मौलाना काय म्हणतील ते तिला ठाऊक होते. एकच शब्द. हराम.

आमचा आक्षेप उलेमांच्या कठोरपणावर नाही, त्यांच्या संक्षेपावर आहे. फिकहच्या ग्रंथांत ज्या प्रश्नावर पानेच्या पाने चर्चा आहे, तो प्रश्न मिंबरवर एका शब्दात का उरकला जातो? गर्भात रूह फुंकली जाते ती एकशे वीस दिवसांनी, ही हदीसवर आधारलेली समजूत मदरशातल्या पोरालाही माहीत आहे. त्यानंतरचा गर्भपात आईचा जीव वाचवण्याखेरीज नाजायज, यावर जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो त्या आधीच्या काळाविषयी. मालिकी सर्वांत कडक. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्यात इमाम गझाली सुरुवातीपासूनच मनाई करतात आणि गर्भ जसा वाढेल तसा गुन्हा वाढतो असे म्हणतात, तर नंतरच्या काही शाफई फकीहांनी रूह फुंकण्याआधी सूट दिली आहे. हनफींमध्ये बऱ्याच जणांनी सबळ कारण असल्यास एकशे वीस दिवसांच्या आत परवानगी दिली. त्यांच्यापैकी काहींनी तर नवऱ्याच्या परवानगीशिवायही ती मान्य केली.

आणि सबळ कारण म्हणजे काय? दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन, इ.स. १८३६ मध्ये वारले. त्यांच्या ग्रंथात जुन्या फकीहांच्या हवाल्याने जो उज्र दिला आहे तो वाचून आम्ही दोघी थक्क झालो. बाईच्या अंगावर पिणारे मूल आहे, नव्या गर्भामुळे तिचे दूध तुटेल, बापाची दाई ठेवण्याची ऐपत नाही आणि पित्या मुलाच्या जिवाला धोका आहे. हे कारण! आमच्या विद्यार्थिनीने जे एका वाक्यात सांगितले तेच. दोनशे वर्षांपूर्वीच्या दमास्कसमधल्या आलिमाला तिच्या दुधाची काळजी कळत होती. विसाव्या शतकातल्या अमेरिकेत गिलिगनने बायकांच्या तोंडून तीच काळजी ऐकली आणि तिला नैतिक विचार म्हटले. आज आमच्या तालुक्यातल्या सिस्टरला आणि मौलानांना मात्र ती ऐकू येत नाही.

आम्ही फतवा देत नाही. तो आमचा अधिकार नाही. आज बाजारात डब्याचे दूध मिळते, म्हणून हा उज्र आता चालणार नाही, असे एखादे मौलाना म्हणू शकतील. जरूर म्हणावे. पण आधी तिला विचारावे, डबा विकत घ्यायला पैसे आहेत का, विहिरीचे पाणी उकळायला गॅस आहे का, दोन सिझरनंतर इतक्या लवकर तिसरे पोट उघडले तर तिचे काय होईल. मतभेद लपवून एकच मत सांगणे याला आम्ही दीनदारी म्हणत नाही. गरिबीच्या भीतीने लेकरांना मारू नका ही आयत मिंबरवरून नेहमी सांगतात. तकवीर सूरहमधली जिवंत पुरलेल्या मुलीची आयतही सांगतात. त्या आयतीतली एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. कयामतच्या दिवशी कोणत्या गुन्ह्यासाठी मारले गेले हे तिलाच विचारले जाईल, म्हणजे जिची बाजू जगात कुणी ऐकली नाही तिलाच आधी बोलायला मिळेल. जिथे अल्लाहच्या दरबारात तिला विचारले जाणार आहे, तिथे आपल्या दरबारात तिला न विचारण्याचा उद्धटपणा आपण कुठून आणला?

इतर मुस्लिम देशांनी हा विचार केलेला आहे. ट्युनिशियाने १९७३ मध्ये पहिल्या तीन महिन्यांत बाईच्या मागणीवर गर्भपाताला मान्यता दिली. तुर्कस्तानने १९८३ मध्ये दहा आठवड्यांपर्यंत दिली, तिथे मात्र विवाहितेला नवऱ्याची संमती लागते. पाकिस्तानच्या कायद्यातही गर्भाचे अवयव बनण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ यांत फरक केला आहे. कुणाचे चूक, कुणाचे बरोबर, हा वाद होऊ द्या. पण वाद आहे हे तरी मोहल्ल्याला कळू द्या.

‘हत्या’ या शब्दाची लागण

आमच्यावर येणारा सर्वांत मोठा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. बायकांच्या एकट्या सहीवर सोडले तर मुली पोटातच मारल्या जातील. हा आक्षेप महाराष्ट्रात हलका समजता येत नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रातल्या मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. ही लाज आपल्या सर्वांची आहे.

पण या लाजेपोटी एक घोटाळा झाला. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतीभिंतींवर रंगवला गेला आणि त्यातली ‘हत्या’ सगळ्याच गर्भपातांना चिकटली. छाप्यांच्या धास्तीने बऱ्याच औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. आम्ही साधा हिशेब विचारतो. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळते काय? कळत नाही. मग सातव्या आठवड्यातल्या बाईला अडवून कोणती मुलगी वाचली? उलट अडवल्यामुळे दिवस वाढतात, आणि लिंग कळण्याच्या दिवसांपर्यंत तिला ढकलत नेतो तो हा उशीरच.

आणि नवऱ्याच्या सहीने मुली वाचतात असे ज्यांना वाटते त्यांनी म्हैसाळ आठवावे. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या त्या गावी बेकायदा गर्भपातात एक विवाहिता मेली आणि शोध घेताना पुरलेली एकोणीस अर्भके सापडली. अटक झालेल्यांत त्या विवाहितेचा नवराही होता. मुलगी नको असते तेव्हा नवऱ्याची सही मिळायला सोळा दिवस लागत नाहीत. ती खिशात तयार असते. बाईला एकटीला बाजूला घेऊन, दार लावून, “हे तुला हवं आहे की तुझ्यावर लादलं जातंय?” असे विचारणारी एक नर्सच अशा वेळी मुलीला वाचवू शकते. नवऱ्याला टेबलाशी बोलावणारी पद्धत ते दारच बंद करून टाकते.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे एक कोटी छपन्न लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. म्हणजे दार बंद केल्याने गर्भपात थांबत नाही. तो घराच्या मोरीत जातो. तिथे दिवस मोजायला कुणी नसते, रक्तस्राव किती म्हणजे जास्त हे सांगायला कुणी नसते.

नर्सचा जमीर

एखादी सिस्टर म्हणेल, माझा जमीर हे काम करू देत नाही. आम्ही तिचा मान राखतो. इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्यात अशा कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष सहभाग नाकारण्याची मुभा आहे, आईचा जीव धोक्यात असेल तर मात्र नाही. आपल्या कायद्यात तसे कलमच नाही. असावे की नसावे यावर बोलता येईल. पण नाकारणे वेगळे आणि अडवणे वेगळे. “मी करणार नाही, त्या सिस्टरकडे जा” हा नकार झाला. “नवऱ्याला आण, मग बघू” हे अडवणे झाले, आणि त्याला जमिराचे नाव देता येणार नाही.

अडवण्याची किंमत काय असते ते बेळगावच्या सविता हलप्पनवारने दाखवले. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले. तिने गर्भपात मागितला. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून तो दिला गेला नाही. तिथल्या एका सुईणीने तिला हा कॅथलिक देश आहे असे सांगितले. ते बोलल्याचे तिने पुढे चौकशीत मान्य केले, दुखावण्याचा हेतू नव्हता असेही म्हणाली. आम्हाला ते खरे वाटते. बहुधा हेतू नसतोच. समोरची बाई काय मागते आहे ते ऐकण्याऐवजी आपला देश, आपला धर्म, आपला नियम सांगितला जातो, एवढेच घडते. सविता जंतुसंसर्गाने गेली. २०१८ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेऊन ती घटनादुरुस्ती काढून टाकली. एका बाईचे ऐकले नाही म्हणून एका देशाला आपली घटना बदलावी लागली.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? १८६३ साली पुण्यात ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवांनी यावे, गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवून जावे ही त्यांची मर्जी. तो गर्भपाताचा प्रश्न नव्हता, पण पेचातली बाई तीच होती. तिथे कुणाची सही मागितली नाही. बोटांवर महिने मोजले नाहीत. ओरेम, वॉटसन आणि गिलिगन यांच्या आधी शतकभर हे मॉडेल आपल्या अंगणात उभे होते. नर्सिंगच्या वहीत ते का नाही?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक दवाखान्यात, मराठीत आणि उर्दूत, ठळक पाटी लावा: ‘सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही.’ नर्सिंगच्या परीक्षेत तत्त्वांच्या व्याख्या कमी विचारा आणि एकदा प्रत्यक्ष वॉर्डात विचारा, ‘नवरा परदेशी, सातवा आठवडा, बाई रडते आहे, तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलाल?’ त्यावर नापास करा. उलेमांनी बायकांच्या इज्तेमात हा मसला सगळ्या मतभेदांसह सांगावा. आणि आमच्यासारख्या शिक्षिकांनी नववी-दहावीचा प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणे बंद करावे. आम्ही तो वर्षानुवर्षे तसाच सोडला. त्या मुलीनेही तो घरीच वाचला होता, किंवा वाचला नव्हता. तिला कायदा माहीत नव्हता तो आमच्यामुळे. सोळा दिवस आम्हीही तिच्याबरोबर नवऱ्याच्या सहीच्या मागे धावलो, कारण आम्हालाही तो माहीत नव्हता. हा गुन्हा आम्ही दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या रात्री रक्त चढत असताना एक वयस्क सिस्टर तिच्या खाटेशी आली. नाडी पाहिली, चादर नीट केली आणि स्टूल ओढून बसली. “बाई, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. घाई नाही,” एवढेच म्हणाली. तिने ओरेम वाचली होती की नाही, आम्ही विचारले नाही. आमची मुलगी जवळजवळ तासभर बोलली. सतरा-अठरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारले होते.